थांब म्हणायचं बटण

"मामा, हलू नका. अगदी थोडा वेळ," मी म्हणाले आणि सोल्डरिंगचं तापलेलं टोक त्या इवल्याशा पांढऱ्या सॉकेटच्या पायाशी नेलं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे. मागच्या खोलीत खिडकीशी टेबल ओढून आम्ही समोरासमोर बसलो होतो. त्यांच्या हातात कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा होता आणि चिमट्यात दोन बोटांएवढा सर्किट बोर्ड. शेजारच्या स्टुलावर टेबलफॅन धूर खिडकीबाहेर लोटत होता. फॅन लावल्याशिवाय काम करायला आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बंदीच घातली होती. मामांचा श्वास नाकातून नाही, गळ्याच्या पुढच्या छिद्रातून चालायचा. त्या छिद्रावर आत्या रोज धुतलेला सुती रुमाल बांधायच्या.

"झालं का गं?" आत्या दारातून म्हणाल्या. "केवढा तो वास. ह्यांच्या गळ्याला लागंल."

"धूर बाहेर जातोय आत्या. दोनच टाके राहिलेत."

"टाके म्हणं. शिवणकाम असल्यासारखं बोलतीय." त्या तिथंच उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसल्या.

मामांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. त्यांना हसू येत होतं, पण त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे. मी म्हटलं, "खांदे हलले की बोर्ड हलतो."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी इचलकरंजीची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली. लग्नाआधी इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात काम करायचे. लग्न होऊन फलटणला आले ती एका मुक्या झालेल्या घरात. माझे सासरे हणमंतराव बोराटे एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारायचे. लग्नाच्या बोलण्यात आमच्याकडच्यांना सगळ्यांनी आधी तेच सांगितलं होतं, बोराट्यांचा आवाज म्हणजे काय विचारू नका, झोपलेला माणूस उठून बरोबर आपल्या गाडीत बसायचा. पण साखरपुडा झाला आणि त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनात स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला. आमचं लग्न पुढं ढकलून झालं तेव्हा ते मांडवात गळ्याला रुमाल बांधून उभे होते आणि येईल त्याला नुसता नमस्कार करत होते.

मी त्यांचा आवाज कधी ऐकलाच नाही. घरातले बाकीचे सगळे त्या आवाजाची आठवण काढून गप्प व्हायचे. मला आठवण काढायलाच काही नव्हतं.

दवाखान्यातून गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्यातून भुंग्यासारखा आवाज यायचा. मामांनी ते एकदाच लावलं. गल्लीतलं एक लहान मूल भिऊन रडायला लागलं, तेव्हा त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं ते कायमचं. मग पाटी आणली. पाटीवर ते लिहायचे, पण त्यांचं लिहून होईपर्यंत समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. आत्यांना तर चष्म्याशिवाय वाचताच यायचं नाही, आणि चष्मा कधी सापडायचा नाही. मोबाईलवर टाइप करायला त्यांची बोटं जाड. हळूहळू त्यांनी पाटीही सोडली. पुढच्या खोलीत बसणं सोडलं. दिवसभर मागच्या खोलीत, खिडकीशी.

म्हणून मी हा कीबोर्ड करायला घेतला. कीबोर्ड म्हणजे आपण ऑफिसात बघतो तसा नव्हे. सुताराकडून वीतभर लांबीची सागवानी पेटी करून घेतली, तिच्यावर बारा मोठी बटणं बसवली. अंगठा पडला तरी चुकायचं नाही एवढी मोठी. एक बटण दाबलं की बिनवायरचा संदेश जुन्या मोबाईलला जायचा आणि मोबाईल त्या बटणाचं वाक्य मोठ्यानं बोलायचा. आधी मी वायरवर चालणारा केला होता. मामांनी तो दोन दिवस वापरला आणि पाटीवर लिहिलं, 'दावणीला बांधल्यासारखं वाटतं.' खरंच होतं ते. वायर प्लगापर्यंतच पोचायची आणि प्लग मागच्या खोलीत. मग मी बिनवायरचा बोर्ड मागवला. तो लांबून यायचा होता, त्याची खूप वाट बघावी लागली. आता बॅटरी जोडली की संपलं, एवढंच काम राहिलं होतं. बॅटरी सरळ तारांनी बोर्डाला चिकटवता आली असती, पण पुढंमागं ती बदलावी लागणार, तेव्हा दर वेळी सोल्डरिंग कोण करणार? म्हणून बोर्डावर सॉकेट बसवायचं, म्हणजे बॅटरीची पिन नुसती घालायची आणि काढायची.

मामांना मी हे सगळं समजावून सांगितलं होतं. बॅटरी हातात देऊन म्हटलं होतं, "ही लाल तार म्हणजे अधिक, काळी म्हणजे उणे. बोर्डावर पण अधिक-उणे छापलंय, हे बघा. लालनं लालच्याच घरात जायचं. उलटं झालं की बोर्ड मेला." त्यांनी भिंगातून ते बारीक छापील चिन्ह बघून घेतलं होतं आणि मान हलवली होती. घरात कुणी त्यांना असं काही समजावून सांगितलं, त्याला बरेच दिवस झाले असावेत. त्या दुपारी ते माझ्या आधी येऊन टेबलाशी बसले होते.

पहिला पाय बसला. सोल्डर चकचकीत होऊन सॉकेटच्या पायाभोवती पसरलं. मी दुसऱ्याला हात घालणार, तेवढ्यात विक्रांत आले. विक्रांत म्हणजे माझे मिस्टर, मामांना ते आप्पा म्हणतात. दूधसंघात कामाला. रविवारची सुट्टी, त्यामुळं दुपारी झोप काढून उठलेले.

"आई, मी आज शब्बीरचाचांना सांगून टाकतो," ते आत्यांना म्हणाले.

"आजच?"

"आज ते येणार. दर रविवारी येतातच. नको आई, आता पुरे झालं. मागच्या खेपेला बघितलंस ना? चाचा बोलत बसले आणि आप्पा कसे अस्वस्थ झाले. मूठ आपटत होते खुर्चीवर. रात्री जेवले नाहीत नीट."

आत्यांनी सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. "माणूस चांगला आहे रे. इतकी वर्षं एसटी चालवली त्यानं, ह्यांच्या नजरेसमोर. आजारपणात डबा घेऊन तोच यायचा."

"मी वाईट कुठं म्हणतोय? गेटवरच नम्रपणे सांगतो. म्हणतो, आप्पांना बोलणं ऐकून त्रास होतो, डॉक्टर म्हणाले आराम पाहिजे. महिना-दोन महिने येऊ नका."

माझ्यासमोर चिमटा हलला.

"मामा, हलू नका ना," मी म्हटलं.

चिमटा पुन्हा हलला, जरा जास्तच. मामांचं तोंड विक्रांतकडं होतं. त्यांनी मोकळ्या हातानं टेबलावर थाप मारली.

विक्रांत लगेच जवळ आले. "काय होतंय आप्पा? दुखतंय? पाणी देऊ?"

मामांनी जोरजोरात मान हलवली. डोळे मिटले, उघडले. परत थाप मारली.

"बघ आई. नुसतं नाव काढलं तरी कसं करतात." विक्रांतनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "नाही येणार ते आप्पा. काळजी करू नका. मी बघतो." आणि ते बाहेर गेले.

मामा तसेच बसून राहिले. गळ्यावरचा रुमाल भराभर आत-बाहेर होत होता. मला वाटलं त्यांना खरंच बरं नाही. म्हटलं, "आत जाऊन पडता का मामा? मी एकटी करते." त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि चिमटा माझ्यापुढं धरला. या वेळी अगदी घट्ट. मी दुसरा पाय बसवला. फुंकर मारून गार होऊ दिला. सॉकेट पक्कं बसलं होतं, नखानं ढकलून पाहिलं तरी हललं नाही.

एरवी मी मीटर लावून तपासल्याशिवाय बॅटरी जोडत नाही. दुकानात तीच शिस्त होती. पण त्या वेळी डोक्यात विक्रांतचं बोलणं होतं, शब्बीरभाई होते, मामांचा चढलेला श्वास होता. मी बॅटरी उचलली, पिन सॉकेटच्या तोंडाशी नेली. पिन एकाच बाजूनं जाते, त्यामुळं चुकायचा प्रश्नच नाही असं मनात.

मामांनी माझं मनगट पकडलं.

इतकं जोरात, की बॅटरी हातातून सुटून मांडीवर पडली. मी दचकले. आत्या सूप टाकून उठल्या. "अहो, काय करताय! पोरीचा हात सोडा!"

त्यांनी सोडला नाही. तोंड उघडलं होतं, ओठ हलत होते, चेहरा लाल झाला होता, आणि आवाज नव्हता. एवढा मोठा माणूस ओरडत होता आणि खोलीत फक्त टेबलफॅनची घरघर. मी आयुष्यात असं काही बघितलं नव्हतं. मग त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटानं आधी बॅटरीची लाल तार दाखवली, नंतर सॉकेटचं भोक, नंतर बोर्डावरचं चिन्ह.

मी भिंग घेतलं. सॉकेट मी उलट्या तोंडानं बसवलं होतं. पिन आत गेली असती तर लाल तार सरळ उण्याच्या घरात गेली असती. इतके दिवस वाट बघून आलेला बोर्ड एका क्षणात जळाला असता, आणि दुसरा नव्हता.

"अगं बाई," मी म्हटलं. "वाचवलंत मामा."

त्यांनी मनगट सोडलं. तिथं त्यांच्या बोटांचे वळ उठले होते. त्यांनी ते बघितले आणि ओशाळून माझा हात हळूच थोपटला.

सागवानी पेटी टेबलाच्या कडेला होती. तिच्यावरच्या बारा बटणांना विक्रांतनी स्वतः सुंदर अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. पाणी द्या. दुखतंय. पंखा लावा. पंखा बंद करा. औषधाची वेळ झाली. आडवं व्हायचंय. डॉक्टरांना फोन करा. अशीच सगळी. दवाखान्यात बापाच्या उशाशी महिनाभर बसलेल्या मुलानं केलेली वाक्यं होती ती. त्यांत काही चूक नव्हतं. पण मी मनातल्या मनात एकेक वाचत गेले. मघाशी त्यांच्या हातात हा कीबोर्ड चालू असता, तर त्यांनी यातलं कुठलं बटण दाबलं असतं?

मी पाटी शोधून आणली. पलंगाखाली होती, धूळ बसलेली. पदरानं पुसून त्यांच्यापुढं ठेवली. "मामा, मघाशी तुम्हाला मला काय म्हणायचं होतं? एका शब्दात लिहा."

त्यांनी लिहिलं, 'थांब.'

"आणि विक्रांत बोलत होते तेव्हा? टेबलावर थाप मारलीत तेव्हा?"

त्यांनी नवं काही लिहिलंच नाही. त्याच शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. मग परत ओढली.

आत्या येऊन माझ्या मागं उभ्या राहिल्या होत्या. चष्मा नव्हता. "काय लिहिलंय गं?"

"थांब म्हणतायत."

"कुणाला?"

"विक्रांतना. शब्बीरचाचांना येऊ द्या म्हणतायत."

"मग त्यो आला की मुठी का आपटतात?" आत्यांनी मामांनाच विचारलं. "सांगा की. का आपटता?"

मामांनी पाटी पुसली. यावेळी जरा वेळ लागला, पण आम्ही दोघी थांबलो. मी वाचून दाखवलं. 'तो थापा मारतो. मला खोडून काढता येत नाही.'

आत्या तोंडाला पदर लावून मटकन पलंगावर बसल्या. आधी मला वाटलं रडतायत. "अगं, हे आधीपासूनचंच आहे," त्या म्हणाल्या. "त्यो सांगायचा आणि हे खोटं म्हणायचे. रात रात चालायचं. मी कावून उठून जायची."

बाहेर रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. आमच्याकडं येणारी नव्हती, पण शब्बीरभाई उन्हं उतरली की येत. वेळ होत आली होती.

सोपी वाट होती एक. बॅटरीच्या पिनमधल्या तारा सुईनं उचकून अदलाबदल करायच्या, काम झालं. पण मग पुढं कधी नवी बॅटरी आणली, मी घरात नसले, कुणी सहज पिन लावली, तर बोर्ड जळणार. ते मनाला पटेना. सॉकेटच काढून सरळ बसवायला हवं होतं. आणि काढण्यातच खरा धोका. बोर्डावर तांब्याचे बारीक ठिपके असतात, कागदाइतके पातळ. त्यांना जास्त आच लागली किंवा घाईनं ओढलं तर ठिपकाच उचकटून येतो. मग त्या बोर्डाचा काही उपयोग नाही.

"मामा, परत धरा," मी म्हटलं. "आता मी चुकले तर मनगट नाही, टेबल वाजवा."

त्यांचे खांदे हलले. लगेच स्वतःच सावरले.

तांब्याची विणलेली पट्टी सोल्डरवर ठेवून मी वरून टोक दाबलं. सोल्डर पातळ होऊन पट्टीत शिरलं, पट्टी चंदेरी झाली. एक पाय मोकळा. दुसऱ्याचं सोल्डर काही सुटेना. ओढायचा मोह होत होता. मी टोक बाजूला घेतलं, दम घेतला. आत्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या, तांदूळ केव्हाच विसरल्या होत्या. "घाई करू नगं," त्या पुटपुटल्या, "सावकाश." थोडं नवं सोल्डर लावून जुनं नरम केलं आणि पुन्हा पट्टी ठेवली. या खेपेला सॉकेट आपणहून कलंडलं. खालचे दोन्ही ठिपके शाबूत होते.

तेवढ्यात गेट वाजलं.

"आले चाचा," आत्या म्हणाल्या. "विक्या बाहेरच हाय."

"आत्या, जुना मोबाईल द्या मला. फडताळातला." वाक्यं मोबाईलमध्येच भरलेली होती, बटणाला काही करावं लागत नव्हतं. मी सॉकेट सरळ करून बसवलं. मामांनी वाकून लाल तारेचं घर बघितलं आणि मान डोलावली. मी पहिला पाय सोल्डर केला, मग दुसरा. ते गार होईपर्यंत मोबाईलवर पहिल्या बटणाचं वाक्य खोडलं आणि दुसरं भरलं.

पुढच्या दारातून आवाज येत होते. शब्बीरभाईंचा आवाज मोठा, आयुष्य इंजिनाशेजारी गेलेलं. "काय विक्रांत, बाहेरच उभा? आप्पा झोपलाय व्हय?"

"नाही चाचा. जरा बोलायचं होतं तुमच्याशी."

मी मीटर लावून तपासलं. आता बरोबर होतं. बटणांच्या तारा बोर्डाला आधीच जोडलेल्या होत्या, त्यांच्यासकट बोर्ड पेटीत सरकवला आणि पिन घातली. बारीक टिक असा आवाज झाला आणि पेटीच्या कडेचा निळा दिवा लागला. मी आत्यांकडं बघितलं, आत्यांनी मामांकडं. मी मोबाईल मामांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला, आवाज पूर्ण वाढवला आणि पेटी त्यांच्या हातात दिली.

"पहिलं बटण," मी म्हटलं.

ते उठले. पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून, चप्पलही न घालता, मधल्या खोलीतून निघाले. मी आणि आत्या मागं. बाहेर विक्रांत सांगत होते, "गैरसमज करून घेऊ नका चाचा. तुमच्याबद्दल आमच्या मनात काही नाही. पण डॉक्टर म्हणाले, आप्पांना आता जरा…"

"थांब."

मोबाईलमधला मराठी आवाज बाईचा होता. स्वच्छ, खणखणीत, जरा सपाट. विक्रांतनी वळून माझ्याकडं बघितलं. त्यांना वाटलं मीच बोलले.

"काय गं?"

"थांब," पुन्हा आवाज आला. मामा दारात उभे होते. त्यांचा अंगठा बटणावर होता. "थांब. थांब. थांब."

विक्रांत खरोखरच थांबले. गेटच्या कडीवर हात तसाच. त्यांनी आधी मामांच्या खिशाकडं बघितलं, मग पेटीकडं, मग मामांच्या चेहऱ्याकडं, आणि तिथंच बघत राहिले. "आप्पा," ते म्हणाले, "तुम्ही… चाचांना येऊ दे म्हणताय?"

मामांनी पेटी काखेत धरली, गेटपर्यंत गेले, शब्बीरभाईंचा दंड पकडला आणि त्यांना आत ओढून आणलं.

पुढच्या खोलीत बऱ्याच दिवसांनी सगळे बसले. शब्बीरभाई मुल्ला उंच, वाकलेले, मेंदी लावलेली दाढी. ते खुर्चीच्या कडेवर, परके पाहुणे बसतात तसे बसले होते. "बोलणारी पेटी केली व्हय सूनबाईनं? चांगलं केलं. काय लागलं-सवरलं तर सांगता येतंय आता." मग मामांकडं वाकून, लहान मुलाशी बोलावं तसं, "पाणी पाहिजे का बोराटे? द्यायला सांगू?"

मामांनी कपाळावर हात मारला.

मी मोबाईल मागून घेतला. मामा माझ्या शेजारी बसले. एकेक शब्द पाटीवर लिहीत गेले आणि मी भरत गेले. दोनच भरले, कारण मामांना धीर निघेना. पाटी ठेवली आणि त्यांनी शब्बीरभाईंना हातानं खूण केली, बोल.

"काय बोलू? काय नवीन नाही बाबा."

मामांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवल्यासारखं केलं, आणि डोक्याला मुंडावळ्या बांधल्यासारखं.

"ती वऱ्हाडाची गोष्ट?" शब्बीरभाईंनी विक्रांतकडं बघितलं. विक्रांतनी सांगा म्हणून मान हलवली. "आता काय सांगायचं त्यात. वऱ्हाड घेऊन निघालो हुतो. चढ चढून गेल्यावर कुणीतरी वराडलं, नवरदेवच गाडीत नाही. त्यो पायथ्याला उतरला हुता पान खायला, कुणाला न सांगता. मग गेलो माघारी, घेतला त्याला. संपलं."

मला आश्चर्य वाटलं. ही गोष्ट मी लग्नात त्यांच्याच तोंडून ऐकली होती आणि ती खूप मोठी होती. आत्या चटकन म्हणाल्या, "अहो भाईजी, एवढीशी कशी? तुम्ही तर उलटं नेलं म्हणत हुता."

"हां, म्हंजे गाडी वळवायला जागा नव्हती. मग रिव्हर्समध्येच उतरवली. अख्खा घाट."

"खोटं."

शब्बीरभाईंनी मान वळवली. मामा छताकडं बघत होते, बोट दुसऱ्या बटणावर.

"कोण म्हणालं?"

"खोटं," बाईचा आवाज पुन्हा म्हणाला.

शब्बीरभाई खुर्चीच्या कडेवरून मागं सरकले. चांगले टेकून बसले. पाय लांब केले. त्यांचा आवाज जो वर चढला, तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. "खोटं? तू हुतास का तिथं? स्टँडवर खुर्चीत बसून माईक हातात घेऊन बोलणं सोपं हाय बोराटे! अंधार, पाऊस, मागं बायका रडतायत, नवरदेवाचा बाप गाडीच्या पाया पडायला लागलेला…"

"खोटं."

"बरं, पाया नाही पडला. हात जोडले. पण घाट अख्खा उतरवला!"

"खोटं."

"अर्धा तरी?"

"खोटं."

विक्रांत हसायला लागले. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या.

शब्बीरभाईंनी दाढीवरून हात फिरवला, बोटांवर हिशेब केला. "शेवटचं वळण," ते शेवटी म्हणाले. "शेवटचं वळण रिव्हर्समध्ये घेतलं. आईच्यान."

मामांनी बराच वेळ विचार केला. सगळे त्यांच्याकडं बघत होतो. मग त्यांनी तिसरं बटण दाबलं.

"पुढं बोल."

आणि शब्बीरभाई बोलायला लागले. नवरदेवाचा फेटा, त्यानं खाल्लेलं पान, पायथ्याशी भेटलेला बैल, बैलानं अडवलेला रस्ता. बैलापाशी पुन्हा भांडण झालं. आत्यांनी चहा केला, परत केला. मधेच शब्बीरभाई उठून उभे राहायचे, हातवारे करायचे, मामा खुर्चीत पुढं सरकून बटण दाबायचे, कधी खोटं आणि पुढं बोल एकापाठोपाठ, कधी खोटं नुसतं तीन-तीनदा. आवाज सपाटच होता, पण कुठलं खोटं चिडून म्हटलंय आणि कुठलं चिडवायला, ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं. त्या संध्याकाळी मामा भाकरी मागून घेऊन जेवले. शब्बीरभाईही जेवून गेले.

विक्रांत ताटं उचलताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाकीची बटणं पण त्यांनाच विचारून भर. माझी वाक्यं काढून टाक."

"सगळी नको काढायला. औषधाचं राहू दे," मी म्हटलं.

मी शब्बीरभाईंना सोडायला गेटपर्यंत गेले. त्यांनी सायकल घेतली, दोन पावलं चालले आणि थांबले. घराकडं बघून, मग माझ्याकडं वाकून विचारलं, "पोरी, त्या मोबाईलचा आवाज अजून वाढतोय का गं?"

"पूर्ण वाढवलाय चाचा. का?"

"माझा डावा कान गेलाय. इंजिनाच्या बाजूचा. मघाशी दोन-तीनदा त्यो खोटं म्हणाला, ते मला नीट ऐकायलाच आलं न्हाई." त्यांनी सायकलच्या सीटवर हात आपटला. "वर्षभरानं म्हणतोय. एकबी वाया जायला नको."

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून एक छोटा स्पीकर आणला.